केरबाने घातलेला रेडिओचा हार

नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा नवरा होता. नाव केरबा. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. पंचाईत तीच होती.

त्याची बायको शेवंता मोठी कलाकार. जुने, मेलेले रेडिओ उघडायची आणि आतल्या ऐवजाचे दागिने करायची. तांब्याच्या तारेची वेटोळी झाली की डूल. रंगीत पट्ट्यांचे बारके तुकडे ओवले की माळ. आवाजाचं काळं बटण मधोमध लटकवलं की झालं पदक. बायका बघत राहायच्या.

जुने रेडिओ आणायचं काम केरबाचं. एकदा जिजाकाकूंनी रेडिओ दिला, पण लाकडी खोकं त्यांना धान्याला हवं होतं. शेवंता म्हणाली, "अहो, नीट ऐका. आतलं काढून आणायचं, खोकं त्यांना द्यायचं."

केरबाने तसंच केलं. शाबासकी मिळाली.

दुसऱ्या दिवशी शेवंताने डब्यात एक माळ ठेवली. "ही मास्तरीणबाईंना देऊन या."

केरबा गेला. दारातच डबा उघडला, आतली माळ काढून खिशात घातली आणि रिकामा डबा मास्तरीणबाईंच्या हातात दिला. वर म्हणाला, "यात धान्य ठेवा."

शेवंताने कपाळाला हात लावला. "अहो, खोक्याचं काय घेऊन बसलात! वस्तू काढायची, समोरच्याच्या गळ्यात घालायची आणि म्हणायचं, शोभून दिसतं हो!"

"आता ध्यानात आलं," केरबा म्हणाला.

भंगारवाल्या हमीदचाचाकडून एक मोठा ट्रान्सफॉर्मर चुकून आला होता. लोखंडाचा ठोकळाच तो. शेवंता म्हणाली, "हा परत करून या."

चाचा दुकानात खाली मान घालून खिळे निवडत होते. केरबाने ट्रान्सफॉर्मरची तार त्यांच्या गळ्यात अडकवली.

"शोभून दिसतं हो!"

चाचा जे वाकले ते वाकलेच. खालूनच ओरडले, "अरे केरबा, माझी मान!"

"मानेतच घातलाय चाचा. काळजी नको."

त्या संध्याकाळी शेवंताने हात जोडले. "अहो, घालण्याआधी माणसाला विचारावं, पेलेल का? हो म्हणालं तर घालावं. नाही म्हणालं तर गप परत यावं."

"हे आधी सांगायचं की," केरबा म्हणाला.

इतक्यात शेवंताला मोठं काम मिळालं. रंगराव पाटलांची लेक सुकन्या भारी हौशी. लग्नात तिला रेडिओचाच हार हवा होता. सगळ्या पै-पाहुण्यांत शेवंताचं नाव होणार होतं. तिने जीव ओतून हार केला आणि ती तापाने आडवी झाली. हार घेऊन केरबाच निघाला.

तिथे हळद चालली होती. सुकन्या पाटावर, शेजारी नवरदेव. नवरदेव गुळाच्या ढेपेसारखा गोल. केरबाने हाराची पिशवी धरलेला हात तिकडे केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "पोरी, पेलेल का?"

सगळ्यांनी नवरदेवाकडे बघितलं. सुकन्यानेही बघितलं. तिला जे हसू फुटलं ते काही आवरेना. हसता हसता तिने मान हलवली, "नाही."

केरबा गप परत आला. तिकडे नवरदेवाचा मामा रुसून बसला. त्याची समजूत घालायला रंगरावांना अर्धा दिवस लागला.

शेवंता तापातही उठून बसली. "अहो, लग्नघरात तोंड उघडायचं नाही! उद्या मुकाट्याने कोपऱ्यात उभं राहा. अक्षता पडल्या की पुढे व्हा, सुकन्याच्या गळ्यात हार घाला आणि घरी या. काही चुकवू नका."

"एवढं सोपं होतं तर," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मांडवाच्या कोपऱ्यात उभा राहिला. कुणी पाणी विचारलं, बोलला नाही. कुणी पायावर पाय दिला, तरी बोलला नाही. मंगलाष्टकं संपली. अंतरपाट सरकला. अक्षता पडल्या. नवरदेवाने आपला हार उचलेपर्यंत केरबा पुढे झाला आणि त्याने सुकन्याच्या गळ्यात हार घातला.

वाजंत्री वाजली. मग थांबली.

मामा पुन्हा रुसला. या वेळी नवरदेवालाही घेऊन गेला. रंगरावांनी मुंडासं जमिनीवर आपटलं. "केरबा! घातलास ना हार? मग आता तूच ने हिला घरी!"

केरबाने मान डोलावली. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. सुकन्या हसून हसून इतकी दमली होती की ती त्याच्या मागोमाग निघाली.

इकडे शेवंताचा जीव टांगणीला. केरबा दारात दिसताच तिने विचारलं, "घातला हार?"

"घातला."

"अक्षता पडल्यावर?"

"पडल्यावरच."

"तोंड नाही ना उघडलंत?"

"शब्द नाही काढला."

"देवा, सुटले!" शेवंता म्हणाली. "मग इतका उशीर का?"

"शालू जड आहे, तिला भरभर चालवत नाही," केरबा म्हणाला. "तू ऊठ, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेव. नवरी बाहेर उभी आहे."