बिबट्या आणि भोंगा

महिनाभर टीव्हीवर एकच तोंड दिसत होतं, उमेदवार प्रतापराव ढमाले यांचं. हा गडी शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या अंगावर घालणारी भाषणं ठोकायचा आणि चॅनेलवाले ती दिवसभर दाखवायचे. निकालात आमच्या सावरदऱ्यानं त्याला नऊशेपैकी अकरा मतं दिली.

दुसऱ्याच दिवशी चॅनेलचे संपादक सबनीस तणतणत गावात आले. ढमालेच निवडून येणार, हे भाकीत त्यांचंच होतं. कांदे निवडत बसलेल्या हौसाआत्याला त्यांनी दरडावलं, "आजी, महिनाभर गावाच्या तोंडी त्याचंच नाव होतं. मग मतं कुठं गेली?"

आत्या म्हणाली, "उसात बिबट्या शिरला की पंचायतीचा भोंगा दिवसभर त्याचंच नाव घेतो, साहेब. म्हणून त्याला जेवायला कुणी पाट मांडतं का?"

सबनीस हसले. "म्हणजे आम्ही गावाला सावधच केलं म्हणा की!"

आत्यानं समोरच्या बंद दुकानाकडे बघितलं. ढमालेच्या भाषणांनंतर पोरांनी दगड मारले, तेव्हा बांगडीवाला रशीद बिऱ्हाड उचलून गेला होता.

"आमचा भोंगा बिबट्या आला म्हणून ओरडतो," ती म्हणाली. "तुम्ही बिबट्याच्याच तोंडाला भोंगा लावलात."