शेवटची महाराणी

मोटारी आपापसांत बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. 'महाराणी' नावाची आलिशान मोटार बनवणं कारखान्याने बंद केलं आणि सगळ्यात शेवटची महाराणी इनामदारसाहेबांनी घेतली. अशी गाडी पुन्हा होणार नाही, म्हणून त्यांनी तिच्यासाठी बंगल्यात काचेची खोली बांधली आणि तिला तिथेच ठेवलं.

साहेबांच्या मुलीच्या, मृण्मयीच्या लग्नात भाड्याने आणलेली एक जुनी महाराणी त्या खोलीबाहेर येऊन थांबली. तिच्या दारांना पोचे पडले होते आणि अंगभर झेंडूच्या माळा होत्या.

"ताई, काय ही दशा!" शेवटची म्हणाली. "मला बघ, अंगावर एक ओरखडा नाही."

"छान जपलंय गं तुला. कुठे कुठे फिरून आलीस?"

"कारखान्यातून इथे आले. तेही ट्रकवर बसून."

इतक्यात मृण्मयी आली. "बाबा, सासरी मी या नव्या गाडीतून जाऊ?"

"वेडी की काय! रस्त्यावर केवढी धूळ असते," साहेब म्हणाले.

मृण्मयी जुन्या गाडीत बसली आणि वरात वाजतगाजत निघाली. शेवटच्या महाराणीला जन्मात पहिल्यांदा ओरडून कुणाला तरी थांबवावंसं वाटलं. पण हॉर्न वाजेना. खराब होऊ नये म्हणून साहेबांनी तिची बॅटरीसुद्धा काढून ठेवली होती.