नदीपलीकडचं रान

या डोंगरात अजून कुणी कुऱ्हाड आणली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या जनावरांचा म्होरक्या होता कोंडाजी सांबर. सभेला विचारल्याशिवाय म्होरक्याने काही करायचं नाही, हा नियम त्यानेच घालून दिला होता. गवताची वाटणीसुद्धा तो सभेतच करी.

एके दिवशी नदीपलीकडचा वाघ काठावर येऊन म्हणाला, "मी हे रान सोडून चाललोय. हवं तर तुम्ही घ्या. पण आत्ताच सांगा, नाहीतर लांडग्यांना देतो."

ते रान डोंगराच्या दुप्पट होतं. म्हातारी साळिंदर मावशी कोंडाजीच्या कानाशी लागली. "वाघ फुकट काही देत नसतो. आणि सभेचं काय?"

"सभा जमेपर्यंत लांडगे येतील," कोंडाजी म्हणाला. आणि त्याने वाघाला होकार दिला.

मावशी महिनाभर काटे फुलवून वाघाची वाट पाहत राहिली. वाघ काही परतला नाही. रान खरंच चांगलं निघालं. तिथले कंद तिनेही पोटभर खाल्ले.

उन्हाळ्यात कोंडाजीने पाणवठा फक्त सांबरांसाठी राखून ठेवला. मावशी धापा टाकत त्याच्याकडे गेली. "हे सभेत कधी ठरलं?"

"रान घेतलं तेव्हा तरी सभा कुठे भरली होती, मावशी?" कोंडाजी शांतपणे म्हणाला. "तिथले कंद तुम्हाला गोड लागलेच ना?"

इतके दिवस मावशी वाघाच्या धास्तीने नदीपलीकडेच नजर लावून बसली होती.