जातेमहाराज आणि जातं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसं धान्य उखळात कांडायची आणि जाडाभरडा कोंडा गिळायची. अशा काळात एका राज्यात गोंदाजी नावाच्या पाथरवटानं दोन गोल दगडी तळ्या घडवल्या, एकीवर एक बसवल्या, वर खुंटा ठोकला आणि मऊसूत पीठ काढून दाखवलं.

राजा हरखून गेला. त्यानं त्या दगडाला पदवी दिली, 'श्रीमंत जातेमहाराज'. मुदपाकखान्यात चौथरा बांधून त्यावर छत्र धरलं. दरबारी लेखनात सगळ्या वस्तूंची नावं काळ्या शाईनं लिहीत, जातेमहाराजांचं तेवढं तांबड्या. गोंदाजीला आभाळ ठेंगणं झालं.

पण चांगली वस्तू चौथऱ्यावर किती दिवस राहणार? इतर पाथरवट शिकले, घरोघर जाती बसली. पहिल्यांदा बायका पूर्ण पदवी लावून नाव घेत. मग 'श्रीमंत' गळालं, मग 'महाराज' गळालं, उरलं नुसतं जातं. दरबारचा लेखनिकसुद्धा हळूच काळ्या शाईनं लिहू लागला.

गोंदाजीला ते फार लागलं. त्यातच एक दिवस त्याची लेक साळू म्हणाली, "आबा, जातं गुळगुळीत झालंय. जरा टाकी लावून खडबडीत करून द्या."

"महाराज म्हण," गोंदाजी गुरकावला.

"महाराज म्हटलं तर त्यांच्यावर छिन्नी कशी चालवायची? आणि नाही चालवली तर पोरांना भाकरी कशाची घालू?"

अतिपरिचयात अवज्ञा, असं पुटपुटत गोंदाजी तडक दरबारात गेला. आपल्या दगडाचा मान गेला तर आपलं नावही पुसलं जाईल, अशी भीती त्याला खात होती. घरोघर पूर्ण पदवी लावून नाव घेण्याची सक्ती करा, असं त्यानं राजाला विनवलं. राजकन्येचं लग्न तोंडावर आलं होतं. पुरणपोळीचे गहू श्रीमंत जातेमहाराजांवरच दळू, पंगतीत पदवीची दवंडी पिटू, असं राजानं कबूल केलं.

लग्नाच्या दिवशी दळायला बसलेल्या बायका घामाघूम झाल्या. सुपात पडला नुसता भरडा. गोंदाजीनं वरची तळी उचलून आत हात फिरवला. दगड पार गुळगुळीत झाला होता. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. इथे उलटंच झालं होतं. देवपण आलं आणि टाकी थांबली. महाराजांवर हातोडा उचलायची कुणाची छाती होणार?

त्यानं स्वतः छिन्नी काढली, तर पहारेकऱ्यानं त्याचं मनगट धरलं. अंगणात पाहुणे उतरत होते आणि पुरण शिजून तयार होतं. गोंदाजीला साळूचा प्रश्न आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

राजा आला. त्यानं विचारलं, "गोंदाजी, दवंडी द्यायची ना?"

"नको महाराज. आधी याचं श्रीमंतपण काढून घ्या. मग मला टाकी लावता येईल."

राजा भरडा चिमटीत घेऊन हसला आणि त्यानं मान डोलावली. छत्र उतरलं. गोंदाजीनं दोन्ही तळ्यांना नीट टाकी लावली, जातं चौथऱ्यावरून चुलीशेजारी आणलं, आणि पीठ भुरभुरू लागलं. पंगतीत पोळ्या अशा उठल्या की दवंडीची आठवणही कुणाला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोंदाजी घरी निघाला. प्रत्येक घरातून घरघर ऐकू येत होती. दगडाची पदवी कुणी घेत नव्हतं, घडवणाऱ्याचं नावही घेत नव्हतं. तरी तो प्रत्येक दाराशी थोडा थांबत, ऐकत, खुशीत चालला. घरी पोचल्यावर त्यानं आधी साळूच्या जात्याला टाकी लावून दिली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्याला नुसते हात जोडतात ते थोर खरं, पण ज्याला रोज हात लावतात ते त्याहून थोर.