भ्यायला शिकलेली पिल्लं

एका मोठ्या माळाच्या कडेला गाव होतं आणि त्या गावात एक शिकारी राहायचा. पिंजऱ्यातल्या पाळीव तितराला ओरडायला लावून रानातले तितर फाशात ओढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण हे कसब इतकं वाढलं, की एका वर्षी पिंजऱ्यातला तितर साद घालून थकला, तरी माळावरून उत्तरच आलं नाही.

शिकाऱ्याला चुटपुट लागली. आपण रिकामा केलेला माळ आपणच भरायचा, असं त्याने ठरवलं. फासे चुलीत घातले, दूरच्या डोंगरातून तितराची अंडी आणली आणि घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. पिल्लं निघाली. तो त्यांना हातावर वाळवी भरवी. त्याने नुसतं चुचकारलं तरी ती धावत येत. गाव कौतुक करी आणि शिकारी फुशारून जाई.

मोठी झाल्यावर त्याने ती माळावर सोडली. पण माणूस दिसला की ती जवळ येत, कुत्रं दिसलं तरी हलत नसत. थोड्याच दिवसांत एकही उरलं नाही. शिकारी डोकं धरून बसला.

बायको म्हणाली, "अहो, फासे लावत होतात तेव्हा निदान पाखरं तुम्हाला भीत तरी होती. तुमच्या लाडानंच घात केला."

शब्द जिव्हारी लागले, पण पटले. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा डोंगरातून अंडी आणून उबवली, पण कोंबडी आणि पिल्लं गावाबाहेर, वरून जाळी टाकलेल्या काट्याच्या कुंपणात ठेवली. दाणा टाकायचा तो आडोशाने, आणि समोर जायचं ते काठी आपटत. एकदा एक पिल्लू थेट पायाशी आलं. त्याला उचलून घ्यावंसं फार वाटलं. पण त्याने मन घट्ट केलं आणि जोरात टाळी वाजवली. पिल्लू घाबरून पळालं. त्या दिवशी शिकाऱ्याला जेवण गेलं नाही.

सोडायच्या दिवशी सारं गाव जमलं. शिकाऱ्याने कुंपण उघडलं मात्र, थवा भुर्रकन उडाला आणि गवतात दिसेनासा झाला.

"एवढं खाऊ घातलंस, एकानंही मागं वळून पाहिलं नाही," पाटील म्हणाले.

शिकारी ताठ मानेनं म्हणाला, "पाटील, तेच तर शिकवलं त्यांना."

वर्ष फिरलं. माळ तितरांच्या सादेनं भरून गेला. शिकाऱ्याची चाहूल लागली की सगळे चिडीचूप होत. सोबतचे विचारत, "कुठे आहेत रे तुझे तितर?"

"दिसायचे नाहीत," तो छाती फुगवून सांगे. "माझे आहेत ना!"

तात्पर्य एवढंच: ज्याला खरोखर जगवायचं, त्याला आपल्यावाचून जगायला शिकवावं.