गोब्नेटचा टाहो

ओळखा बघू, या गोष्टीचा शेवट काय होतो. नाही जमायचं! भले भले हरलेत. सुले, तू गालात हसू नकोस, तू तर सगळ्यांच्या आधी हरशील.

फार वर्षं झाली. तुमच्या आजाच्या आजालाही मिसरूड फुटलं नव्हतं. तिकडे लांब, आयर्लंडच्या पार टोकाला, समुद्रात एक बेट होतं. नुसता कातळ. म्हणून लोक वाळू आणि समुद्रातलं शेवाळ पाठीवरून आणायचे, कातळावर पसरायचे आणि त्यात बटाटे लावायचे. बोली त्यांची आपली आयरिश. पोहायला कुणी शिकायचं नाही. का? तर पोहणारा बुडायला उगाच जास्त वेळ लावतो!

त्या बेटावर गोब्नेट नावाची बाई होती. कुणी मेलं की ती उशाशी बसून, गाऊन टाहो फोडायची. मेलेल्याचं नाव घ्यायची, त्याच्या आईबापाचं घ्यायची. तो टाहो ऐकला की जिवाला कळायचं, आपण मेलो, आता निघायचं. असं म्हणतात. पण मढं समोर असल्याशिवाय टाहो फोडायचा नाही, ही तिथली रीत.

एकदा तिचा एकुलता पोरगा फियाक्रा चौघांबरोबर मासे धरायला गेला आणि वादळ उठलं. होडी काही येईना. मग लाटेनं एक वल्हं काठावर आणून टाकलं. मुठीवर फियाक्रानं कोरलेला पक्षी.

शेजारीण ओर्ला म्हणाली, "अगं, किती वाट बघशील? गारठला असेल पाण्यात त्याचा जीव. मोकळं कर त्याला."

"मढं कुठाय?"

"समुद्र मढी परत देतो होय गं? शहाणीच आहेस!"

मग गोब्नेट कड्यावर गेली. पोराचं नाव घेतलं, मागून बाकीच्यांचं. असा टाहो तिनं जन्मात फोडला नव्हता. वारासुद्धा थांबला म्हणे.

आणि धुक्यातून होडी आली की! आत त्या चौघांतला एकटा म्हातारा कोलमन, ठार बहिरा. वल्हं मारतोय आणि शिव्या घालतोय.

"बाकीचे कुठेत? माझा पोरगा कुठाय?"

बहिऱ्याला काय ऐकू येणार? तो आपलं आपलंच बोलला. "येडी झाली सगळी! कड्याखाली पोचलो, घरं दिसायला लागली, तर यांनी वल्ही टाकली. टोप्या काढल्या. छातीवर क्रूसाची खूण केली. आणि उंबरा ओलांडावा तसे एकेक पाण्यात उतरले. फियाक्राला मी धरला, म्हटलं कुठं चाललास रे? त्यानं नुसतं वर कड्याकडे बोट दाखवलं."

अजून त्या बेटावर होडीला उशीर झाला की कुणी रडत नाही. असं म्हणतात. बाया काठावर जातात आणि एकेकाच्या नावानं शिव्या घालतात, "ए आळशा, बटाटे गार झाले, ये की घरी!" शिव्या ऐकल्या की माणसाला कळतं, आपण जिवंत आहोत.

गोब्नेटला मात्र त्या काठावर येऊ देत नसत. तिच्या तोंडून आपलं नाव निघू नये म्हणून माणसं वाट बदलायची, आया लेकरांची तोंडं पदरात झाकायच्या. मरेपर्यंत तिला बेटावरच्या एकाही जिवंत माणसाला नावानं हाक मारता आली नाही. घ्यायला तिच्याकडे एकच नाव उरलं होतं. ते ती रोज घ्यायची.