धाकू तारीची वल्ही

होड्यांना इंजिनं लागायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, तुमच्या पणज्याच्याही पणज्याच्या वेळची. नीट ऐका, मध्ये फाटे फोडू नका.

आपल्या खाडीत तेव्हा दर्यागाय होती. गाय म्हणजे शिंगंबिंगं नाहीत हो. म्हशीएवढं धूड, राखाडी अंग, मऊ मुसकट. तळाचं गवत चरायची आणि दम घ्यायला तेवढी वर यायची. उतारूंना खाडीपार नेणारा होता धाकू तारी. त्याची एक रीत होती. होडी गवताच्या पट्ट्यावर आली की तो दोन्ही वल्ही पाण्याबाहेर उचलून धरायचा आणि पाणी नेईल तसं होडीला जाऊ द्यायचा. कोणी हात बाहेर काढला की खेकसायचा, "आत घे. ती दम घ्यायला येते, तुला भेटायला नाही." घाईची माणसं चरफडायची, पण धाकूपुढे कोणाचं काही चालायचं नाही.

तो नमायचा फक्त लेकीपुढे. सगुणा तिचं नाव. बिनआईची पोर, तळहाताच्या फोडासारखी जपलेली.

एका वर्षी गुरांवर रोग आला. गोठे ओस पडले, गावात एक वासरू म्हणून उरलं नाही. आणि तोंडावर वसुबारस. पाडसासकट गाय पुजायची ती आणायची कुठून? सगुणा दिवाळसणाला माहेरी आली होती. तीच म्हणाली, "बाबा, दर्यागायीला पिल्लू झालंय. तीही गायच ना? तिलाच ओवाळू."

"लांबून हात जोड," धाकू म्हणाला.

"लांबून कुंकू कसं लागेल? एकदाच, बाबा. पुन्हा नाही मागणार."

इथंच घात झाला बघा. दुपार कलताना बायका ताटं-निरांजनं घेऊन होडीत चढल्या, आणि धाकूनं जन्मात पहिल्यांदा गवतावर वल्ही मारली.

पिल्लू भाबडं, माणसाला न बुजणारं. ते आपणहून होडीशी आलं. बायका हरखल्या, गोग्रास धरून सगळ्या एकाच अंगाला वाकल्या. होडी आईच्या आणि पिल्लाच्या मध्ये आली होती, हे एकट्या धाकूला दिसलं. तो ओरडेपर्यंत आई खालून पिल्लाकडे झेपावली आणि कललेली होडी उलटली. बाकीच्या बायका होडीला धरून तरल्या. सगुणा लुगड्यात गुरफटून तळाला गेली. पिल्लू होडीखाली अडकलं आणि गुदमरलं.

पुढचं सांगवत नाही, पण सांगायला हवं. आई वर आली ती पिल्लाला पाठीवर घेऊन. तिनं त्याला हवेत धरलं, थांबली. ते दम घेईना. मग ती तळाला गेली आणि सगुणाला पाठीवर घेऊन वर आली, असं म्हणतात. तिलाही हवेत धरलं, थांबली. पुन्हा पिल्लू. पुन्हा सगुणा.

तोवर गावकरी दुसरी होडी घेऊन आले. त्यांनी धाकूला वर ओढलं, त्याच्या हाती वल्ही दिली. "चल पुढे, लेक आहे तुझी!" कोणीतरी ओरडलं. धाकूनं दोन्ही वल्ही पाण्याबाहेर उचलली.

"ती उठवतेय, उठवू दे," तो म्हणाला. "मघाशी मध्ये आलो तेवढं पुरे झालं."

दिवस मावळताना तिनं सगुणाला उथळ पाण्यात आणून ठेवलं आणि पिल्लू घेऊन ती समुद्राकडे निघून गेली. पुन्हा या खाडीत ती कोणाला दिसली नाही.

धाकू म्हातारा होईपर्यंत होडी चालवत राहिला. उतारू पोचवले की एकटाच परत येऊन गवतावर वल्ही उचलून बसायचा. एका वसुबारसेला नुसती होडी सापडली, वल्ही कोरडी ठणठणीत. त्याला दर्यागायीनंच नेलं, असं म्हणतात. मी म्हणतो, नेलं असेल तर सुटला बिचारा.

आता लाँच आहे. तरी त्या गवतावर आली की लाँचवाला इंजिन बंद करतो. "धाकूची वल्ही" म्हणत आया पोरांचे हात आत घेतात. वसुबारसेला बायका काठावरूनच ओवाळतात, एक दिवा सगुणाच्या नावाचा, एक त्या पिल्लाचा. पाण्यात पाऊल कोणी घालत नाही. एखादा नवखा उतारू वैतागून विचारतो, इथं आहे तरी काय, कशाला थांबलो?

"काही नाही," लाँचवाला सांगतो. "आलीच परत, तर तिला दम घ्यायला जागा हवी."